सुरुंग पेरणारी ‘अब्दिएल’

युद्धनौका म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तोफा येतात. ब्रिटिश आरमाराच्या ‘अब्दिएल’वर तोफा होत्या, पण तिचं खरं शस्त्र पोटात होतं. आत लांबच लांब रूळ आणि त्यांवर दीडशेच्या आसपास पाणसुरुंग. मागची दारं उघडायची आणि ठरल्या अंतरानं एकेक सुरुंग समुद्रात सोडायचा. खालचं वजन तळाशी बसतं, त्याच्या दोराला बांधलेला सुरुंग पाण्याखाली तरंगत राहतो. वरून काही दिसत नाही.

हे काम शत्रूच्या दारात जाऊन, रात्रीतून उरकायचं आणि उजाडायच्या आत दूर पळायचं. म्हणून तिला वेग दिला होता तासाला सुमारे सत्तर किलोमीटर. आपली एस.टी. घाटाखाली उतरल्यावर धावते, साधारण तसा!

मे १९४१ मध्ये तिनं ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्याजवळ सुरुंग पेरले. २१ मे रोजी, एकाच दिवशी, इटलीची ‘मिराबेल्लो’ ही विनाशिका, एक लहान सशस्त्र बोट आणि जर्मन रणगाडा डिव्हिजनचं सामान व सैनिक टारांटोला नेणारी दोन जहाजं त्यांवर फुटली. मार्च १९४३ मध्ये ट्युनिशियाजवळ ‘मालोचेल्लो’ ही विनाशिका अशीच सापडली. बुडणाऱ्यांना उचलायला ‘अस्कारी’ थांबली, तीही गेली. मला या युद्धप्रकारातलं हेच सर्वांत क्रूर वाटतं. तोफ डागणारा निदान निशाण्याकडे बघतो. सुरुंग पेरणारा तोवर कुठल्या कुठे गेलेला असतो, आणि मदतीला धावणाराही त्याच सापळ्यात सापडतो.

८ सप्टेंबर १९४३ रोजी इटलीची शरणागती जाहीर झाली. टारांटो बंदर ताब्यात घ्यायला ब्रिटिशांनी घाईघाईनं क्रूझर निघाल्या, सोबत ‘अब्दिएल’. या वेळी तिच्यावर छत्रीधारी पलटणीचे सुमारे चारशे जवान होते. बंदरात कुणी विरोध केला नाही. मध्यरात्र उलटून थोडाच वेळ झाला होता, ती नांगर टाकून उभी होती. काही तासांपूर्वीच दोन जर्मन वेगवान बोटी बंदरातून निघून गेल्या होत्या. जाता जाता त्यांनी पाण्यात सुरुंग सोडले होते.

स्फोटानं जहाजाचे दोन तुकडे झाले आणि दोन-तीन मिनिटांत ते तळाशी गेलं. ४८ खलाशी आणि ५८ जवान मरण पावले. त्यांत पलटणीचे प्रमुखही होते. बाकीची जहाजं धक्क्याला लागली, सैन्य उतरलं, आणि सकाळपर्यंत टारांटो ब्रिटिशांच्या हाती होतं.