पिस्तुलाच्या माशीवरील उजेड

पिस्तुलाचा नेम धरावयाचा म्हणजे नळीच्या टोकावरील माशी आणि मागील बाजूची खांच ह्या दोन्ही एका रेषेंत आणाव्या लागतात. भर दिवसां हें सोपें. परंतु तिन्हीसांजा झाल्या कीं काळ्या पोलादावरची काळी माशी काळोखांत विरून जाते, आणि शस्त्र कोणीकडे रोखलें आहे हें तें धरणाऱ्यालाच कळेनासें होतें. म्हणून माशीवर अंधारांत चमकणाऱ्या रंगाचा ठिपका देण्याची युक्ति निघाली. ठिपका मोहरीएवढा, पण त्यामागील इतिहास मोठा हृदयद्रावक आहे.

पहिल्या महायुद्धाच्या काळांत हा रंग झिंक सल्फाइडांत रेडियमचा अत्यल्प अंश मिसळून करीत. रेडियममधून सतत बाहेर पडणारे सूक्ष्म कण झिंक सल्फाइडाच्या स्फटिकांवर आदळतात आणि प्रत्येक आघातासरशी प्रकाशाची एक बारीक चमक उसळते. त्यास न ऊन लागे, न दिवा. अमेरिकेंत न्यू जर्सी राज्यांतील ऑरेंज येथें १९१७ पासून ‘अनडार्क’ नांवाच्या अशा रंगानें घड्याळांच्या तबकड्या रंगविल्या जात. लष्करी उपकरणांना व बंदुकांच्या माशांनाहि तोच रंग लागे. तबकड्या रंगवीत तरुण मुली. कुंचल्याचें टोंक अणकुचीदार राहावें म्हणून तें ओठांत धरण्यास त्यांना शिकविण्यांत आलें होतें. शरीर रेडियमला कॅल्शियम समजून हाडांत सांठवितें. कित्येकींचे जबडे सडले, हाडें ठिसूळ झालीं, कित्येकी अकालीं मेल्या. १९२७ सालीं ग्रेस फ्रायर हिनें चार सहकारिणींसह कंपनीवर फिर्याद केली. १९२८ च्या जूनमध्यें तडजोड होऊन प्रत्येकीस १०,००० डॉलर रोख व वार्षिक ६०० डॉलर देण्याचें ठरलें. त्याच वर्षीं त्या रंगाचा जनक सेबिन फॉन सोखॉकी हाहि रेडियमनेंच जडलेल्या व्याधीनें वारला. त्या काळच्या माशा आतां चमकत नाहींत, कारण सततच्या आघातांनीं स्फटिक निकामी झाले. रेडियम मात्र निम्में होण्यास सुमारें १,६०० वर्षें लागतात. उजेड गेला, विष उरलें.

पुढें ट्रिटियम आलें. हा वायु कांचेच्या बारीक नळींत कोंडून ती नळी माशींत बसवितात. त्याचे कण इतके दुबळे कीं कांचेची भिंतहि त्यांना ओलांडवत नाहीं. मात्र सुमारें १२ वर्षांत त्याचें तेज निम्म्यावर येतें.

हातानें लावावयाच्या आजच्या रंगांत बहुधा स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेट असतें. जपानांत १९९३ सालीं सिद्ध झालेल्या ह्या प्रकारांत किरणोत्सर्ग मुळींच नाहीं. (मोटारीवरील चमकत्या पट्टीस महाराष्ट्रांतील शहरांत अजून ‘रेडियम’ म्हणतात, तिच्यांतहि रेडियम औषधालासुद्धां नसतें.) हा रंग उजेड पिऊन घेतो व मग हळूहळू परत देतो. पहिलीं कांहीं मिनिटें तो तेजाळ दिसतो, पुढें कित्येक तास मंद. साहजिकच दिवसभर पेटींत पडून राहिलेल्या पिस्तुलावर रात्रीं तो निरुपयोगी ठरतो.

लावण्याची रीत साधी आहे. प्रथम पिस्तूल रिकामें केल्याची खात्री करून घ्यावी. मग माशीवरील तेलाचा अंश स्पिरिटनें पुसून काढावा. रंग अर्धपारदर्शक असल्यानें खालीं पांढरा थर हवा, नाहींतर काळें पोलाद निम्मा उजेड गिळून टाकतें. त्यावर पातळ थर, प्रत्येक पुरता वाळवून, द्यावेत. आणि दमटपणानें रंग बिघडतो म्हणून शेवटीं पारदर्शक रोगणाचा हात द्यावा. ठिपका लहानच बरा. अंधाराला सरावलेल्या डोळ्यापुढें फार तेजस्वी ठिपका आला तर त्याच्या पलीकडचें कांहींच दिसत नाहीं.

ह्या युक्तीची मर्यादाहि नेमकी येथेंच आहे. चमकणारी माशी पिस्तूल कोणीकडे वळलें आहे तेवढें सांगते. समोर चोर उभा आहे कीं घरचेंच माणूस, हें ती सांगत नाहीं. समोरचें माणूस ओळखावयास निराळा दिवा लागतो, आणि तो पेटेपर्यंत बोट चापापासून दूर असावें लागतें.