मेहरूण बोराची जोपासना

खानदेशात रानबोरीचे झाड सहसा कोणी मुद्दाम लावीत नाही. बांधावर, नाल्याच्या काठी ते आपोआप उगवते. परंतु या रानबोरींच्या प्रदेशातच मेहरूण हे एक नामांकित वाण निपजले. जळगावजवळील मेहरूण शिवारावरून त्यास हे नाव पडले. उमराण, कडाका, छुहारा यांच्याबरोबर महाराष्ट्रातील बोरांच्या जातींत त्याची गणना होते. कालांतराने जळगाव शहर वाढले, मेहरूण शिवार शहरात सामावले आणि बोरीच्या जागी घरे उभी राहिली. त्यामुळे हे वाण टिकविण्याचे काम आता परसातील व बांधावरील एकेका झाडावर येऊन पडले आहे.

बी लावून हे काम होत नाही. बोरीत परपरागीकरण होत असल्याने गोड फळाच्या बियांपासून तसेच झाड मिळेल याचा भरवसा नसतो. वाण शुद्ध राखावयाचे तर डोळा भरूनच कलम केले पाहिजे. मातृवृक्ष तोडला गेला की त्याचे डोळेही गेले. मग कितीही बिया जपल्या तरी ते झाड परत मिळत नाही. म्हणून फळे झाडावर असतानाच, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत, चव घेऊन उत्तम झाडे हेरावीत व त्यांवर खूण करून ठेवावी.

खुंट तयार करणे : बोरीचे सोटमूळ खोल जाते व हलविताना दुखावते. यास्तव बी जागेवरच लावणे उत्तम. उन्हाळ्यात ६० सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डे सहा मीटर अंतरावर घ्यावेत आणि चांगली माती व शेणखत यांनी भरावेत. रानबोरीच्या आठळ्या पाण्यात भिजवून पावसाच्या आरंभी प्रत्येक खड्ड्यात तीन-चार लावाव्यात. आठळीचे कवच आतील बियांस इजा न करता फोडल्यास उगवण लवकर होते. पुढे जोमदार असे एकच रोप ठेवावे.

डोळा भरणे : खुंट पेन्सिलीएवढा जाड झाल्यावर पावसाळ्यात, साधारणतः जुलै-ऑगस्टमध्ये, डोळा भरावा. मातृवृक्षाची छाटणी उन्हाळ्यात केलेली असल्यास या वेळी ताजे, फुगीर डोळे मिळतात. डोळा फुटल्यावर खुंटावरील रानटी फूट वेळोवेळी काढावी. तिकडे दुर्लक्ष झाल्यास रानबोर वाढते व कलम मरते.

बांधावर जुनी रानबोर असेल तर नवे रोपही नको. मे महिन्यात तिचे खोड जमिनीपासून दीड-दोन फुटांवर कापावे. येणाऱ्या फुटव्यांपैकी दोन-तीन जोमदार फुटवे राखून पावसाळ्यात त्यांवर मेहरूणचे डोळे भरावेत. मुळे जुनी व खोल असल्याने असे झाड लवकर फळावर येते.

छाटणी : कडक उन्हाळ्यात बोरीची पाने गळतात व झाड विश्रांती घेते. अवर्षणात ती तग धरते, याचे हे एक कारण होय. याच काळात, एप्रिलअखेर ते मेमध्ये, छाटणी करावी. फुले नव्या फुटीवरच येत असल्याने छाटणी चुकल्यास फळे लहान व थोडी मिळतात. गेल्या हंगामातील फांद्या आखडून रोगट व आत वाढणाऱ्या फांद्या मुळापासून काढाव्यात. विश्रांतीच्या काळात पाणी देऊ नये. फळे पोसताना मात्र एक-दोन पाणी मिळाल्यास ती चांगली भरतात.

रोग व कीड : भुरी रोगाने कोवळी फळे पांढऱ्या बुरशीने झाकून गळतात. रोग दिसताच दहा लिटर पाण्यात २५ ग्रॅम पाण्यात मिसळणारे गंधक घालून फवारावे. फळमाशीच्या अळ्या गर खातात व जमिनीत कोष करतात. म्हणून किडकी व गळलेली बोरे रोज वेचून नष्ट करावीत आणि उन्हाळ्यात झाडाखालील माती उकरून कोष उन्हात उघडे पाडावेत.

ग्रामकार्यकर्त्यांनी आपल्या गावातील खूण केलेल्या झाडांची यादी ठेवावी आणि मालकाच्या संमतीने प्रत्येकाचे डोळे निदान दोन वेगळ्या ठिकाणी भरवून घ्यावेत. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ अन्वये शेतकऱ्यांनी जोपासलेल्या वाणांची नोंदणी करता येते; अशा नोंदणीसाठीही ही यादी उपयोगी पडेल. संक्रांतीच्या सुगडात व बाळाच्या बोरन्हाणात बोर लागतेच. ते आपल्याच बांधावरचे मेहरूण असावे, यासाठी एका पावसाळ्याची तयारी पुरेशी आहे.