जुन्या वाड्याची डागडुजी



भाद्रपदात गणपती घरी यावयाचे असतात आणि नेमक्या त्याच दिवसांत जुन्या वाड्यांच्या भिंतींवर ओलीचे नकाशे उमटलेले असतात. मखर कोणत्या भिंतीशी मांडावयाचे यावरून घरात बोलणे निघते आणि ते हळूहळू दुसऱ्याच विषयाकडे वळते. धाकटा भाऊ म्हणतो, "दादा, किती वर्षे ही ठिगळे लावीत बसावयाचे? पाडून टाकू आणि चार मजली इमारत उभी करू." थोरला गप्प राहतो. आई म्हणते, "माझ्या मागे काय ते करा." इंदूरच्या आमच्या घरात हा संवाद मी कित्येक वर्षे ऐकत आलो आहे, ग्वाल्हेर व बडोदे येथील आप्तांकडेही तो थोड्याफार फरकाने चालू असतो. वाडा पाडावा की राखावा, या वादात मला आज शिरावयाचे नाही. राखावयाचे ज्यांनी ठरविले आहे, आणि त्याच हेतूने केलेल्या दुरुस्तीने जे आपले घर नकळत खिळखिळे करीत आहेत, त्यांच्याशी मला बोलावयाचे आहे. त्यांच्यात मीही होतो.

वाड्याची बांधणी प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. घडीव दगडाचे जोते, त्यावर तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांच्या माथ्यावर तुळया आणि तुळयांवर कडीपाट, असा त्याचा सांगाडा असतो. माडीचा व छपराचा बराचसा भार या सांगाड्यावरून जमिनीत उतरतो. दोन खांबांमधील भिंत ही पुष्कळदा विटामातीची केवळ भर असते. आमच्या शहरातील राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी होते. १९८४ साली लागलेल्या आगीत त्याचा मोठा भाग का भस्मसात झाला, हे त्यावरून कळून येते. सामान्य गृहस्थाच्या घरात लाकूडकामाची तीच रीत लहान प्रमाणावर वापरलेली असते. म्हणून 'ही मधली भिंत काढली तर चालेल काय?' असा प्रश्न पडला म्हणजे भिंतीपेक्षा तिच्यात दडलेल्या खांबाकडे आधी पाहावे. बाहेरच्या जाड भिंतींची गोष्ट वेगळी. त्या भार घेतात, आणि त्यांना हात लावण्यापूर्वी जाणत्या इंजिनियरला बोलाविणे हाच शहाणपणा होय.

आता ओलीकडे वळू. आमच्या माजघराची पूर्वेची भिंत जोत्यापासून हातभर उंचीपर्यंत दरसाल ओलावत असे. पोपडे पडत, पावसाळा संपला की ती वाळे आणि दिवाळीपूर्वी तिला चुन्याचा हात दिला की वर्षाची निश्चिंती होई. पंचवीस वर्षांपूर्वी मला या दरसालच्या कामाचा कंटाळा आला. एका मिस्त्रीला बोलावून मी जुना गिलावा खरवडून काढविला आणि सिमेंटचा चांगला जाड गिलावा करवून घेतला. वर तैलरंग दिला. भिंत आरशासारखी दिसू लागली आणि दोन पावसाळे मी स्वतःवर फार खूष होतो. तिसऱ्या पावसाळ्यात ओल पुन्हा दिसली. मात्र आता ती हातभर उंचीवर थांबली नव्हती. कमरेच्याही वर, कोनाड्यापर्यंत ती पोचली होती. कोनाड्यात वडिलांच्या हस्ताक्षरातील वह्या होत्या. त्यांतील दोन वह्यांची पाने एकमेकांना चिकटून गेली, ती पुन्हा सुटली नाहीत. मिस्त्रीचा यात दोष नव्हता. मी सांगितले तेच त्याने केले.

असे का झाले, ते कळावयाला मला पुढे बरीच वर्षे लागली. जुन्या वाड्याच्या पायात आजच्यासारखा ओलीला अडविणारा थर नसतो. जमिनीतील पाणी विटांच्या सूक्ष्म छिद्रांतून, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे, वर चढते. जुने गवंडी त्याला अडवीत नसत. त्याला बाहेर पडावयास वाट ठेवीत. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो. वर चढलेली ओल त्यातून वाऱ्यावाटे निघून जाते आणि म्हणून ती हातभर उंचीवरच थांबते. सिमेंटचा थर फार घट्ट. त्याने ही वाट बंद केली की पाणी आतल्या आत, मोकळी जागा मिळेपर्यंत, वर चढत राहते. शिवाय पाण्याबरोबर जमिनीतील क्षारही येतात. ते गिलाव्याच्या मागे साठून त्यांचे स्फटिक बनतात आणि फुगताना वीट पोखरतात. भिंतीला लोणा लागला असे आपण म्हणतो, तो हाच प्रकार. चुन्याच्या भिंतीत या क्षारांनी गिलावा झडतो, तो पुन्हा करता येतो. सिमेंटखाली मात्र वीटच झडते. दरसाल पडणारे ते पोपडे, ज्यांचा मला इतका राग येत असे, ते भिंतीच्या वाटचे नुकसान स्वतःवर घेत होते!

सिमेंटशी माझे वैर नाही. नव्या इमारतीत, लोखंडी सळयांच्या सोबतीने, त्याने जे केले आहे ते दुसऱ्या कशाने झाले नसते. परंतु आपल्या देशात त्याचे उत्पादन पोरबंदरला सुरू झाले ते १९१४ साली. आपले वाडे त्यापूर्वीच्या विद्येने बांधलेले आहेत. मऊ विटेवर तिच्याहून कठीण कवच चढविले की घर किंचित हलताच दोहोंची फारकत होते.

चुन्याचे काम मात्र धीराचे. चुनखडी भट्टीत भाजून कळीचा चुना होतो. तो पाण्यात विरविला की उकळून फुटतो आणि त्याचे लोणी बनते. हे लोणी निदान काही आठवडे पाण्याखाली मुरू द्यावे. मग एक भाग चुना आणि दोन ते तीन भाग वाळू, अशा मानाने तो मळावयाचा. ओलसर जागी वाळूबरोबर भाजक्या विटांची सुरकी मिसळतात. पूर्वी बैलाच्या घाणीवर हे मिश्रण तासन्‌तास दळीत, आणि त्यात गूळ, मेथी, बेलफळाचा गर असे काय काय घालीत. गिलावा भिंतीवर चढल्यावर हवेतील कर्बद्विप्राणिल शोषून हळूहळू पुन्हा चुनखडीच बनतो, म्हणजे दगडापासून निघालेली वस्तू दगडाकडे परत जाते. त्याला घाई चालत नाही. ऐन वैशाखात हे काम काढू नये, आणि काही दिवस भिंत ओली राखावी. असे काम जाणणारा गवंडी आज सहज सापडत नाही आणि खर्चही सिमेंटहून अधिक येतो, हे लपविण्यात अर्थ नाही.

गिलाव्याला हात लावण्यापूर्वी पाणी येते कोठून, हे पाहावे. ओल छताजवळ असेल तर फुटके कौल किंवा तुंबलेली पन्हाळ शोधावी. जमिनीजवळ असेल तर दाराबाहेर जाऊन रस्ता पाहावा. आमच्या गल्लीत दर काही वर्षांनी जुन्या रस्त्यावरच नवा थर चढत गेला. ज्या जोत्यावर चढावयास लहानपणी आम्हाला तीन पायऱ्या लागत, तेथे आता एकच उरली आहे. जोते बुडाले की पावसाचे पाणी सरळ विटांना भिडते. आम्ही भिंतीलगत वीतभर रुंदीचा चर खणून त्यात खडी भरली व पाण्याला उतार काढून दिला. साऱ्या दुरुस्तीत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी काम हेच ठरले. नंतर सिमेंट काढून भिंत एक उन्हाळाभर उघडी ठेवली आणि मगच चुना केला.

खांबांची परीक्षा टोच्याने करावी. तळखड्याशी लाकूड भुसभुशीत लागले तरी सगळा खांब बदलण्याचे कारण नाही. तुळईला भक्कम टेकू देऊन कुजका बुंधा कापतात आणि त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा सांध्याने बसवितात. चांगल्या सुताराला हे साधते. नवे न्हाणीघर हवे असेल, आणि वृद्धांसाठी ते घरातच हवे याविषयी दुमत नसावे, तर ते कडीपाटावर न चढविता तळमजल्यावर, मागील अंगास, स्वतंत्र पायावर बांधावे. नळ भिंतीच्या पोटात पुरू नयेत. उघडे दिसले तरी चालतील, म्हणजे गळती त्याच दिवशी कळते.

राहता राहिला चौक. जागा वाया जाते म्हणून त्यावर पत्रे घालण्याची जी साथ आली आहे, तिला आमचे घरही बळी पडले. माकडे येत, पाऊस येई आणि शिवाय धाकट्या भावाची गाडी ठेवावयाची होती. चौक म्हणजे वाड्याचे धुराडेच. तापलेली हवा त्यातून वर निघून जाते आणि तिच्या जागी सावलीतील गार हवा दारांतून आत येते. रात्री गारवा त्यातूनच खाली उतरतो. पत्रे पडल्यापासून भर दुपारी ओसरीवर पंख्यावाचून बसवत नाही आणि माजघरात दिवसाही दिवा लागतो. ओली भिंत वाळावयाला लागतो तो वाराही गेला. छत घालणे भागच असेल तर ते भिंतींच्या माथ्यापासून हातभर उंच उचलून चारी बाजू मोकळ्या ठेवाव्यात.

या संदर्भात एका परदेशी माणसाची आठवण होते. पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराने १९१८ साली होळकर दरबाराला इंदूरविषयी दोन खंडांचा अहवाल सादर केला. दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ते काढून घरे जमीनदोस्त करण्याची तेव्हा रीत होती. गेडिसचे म्हणणे असे की, मोडकळीस आलेली थोडी घरे तेवढी काढावी, तेथे लहान चौक मोकळे करावे आणि उरलेली घरे दुरुस्त करावी. खर्चही कमी येतो आणि माणसे विस्थापित होत नाहीत. येथील प्लेगच्या दिवसांत त्याने दिवाळीची एक मोठी मिरवणूक काढविली. तीत उंदराची प्रतिमा होती. ज्या रस्त्यांवरील लोक आपली घरे सर्वांत अधिक स्वच्छ व दुरुस्त करतील त्या रस्त्यांवरून मिरवणूक जाईल, असे आधीच जाहीर केले होते. झाडू आणि चुन्याची कुंची गल्लोगल्ली चालू झाली म्हणतात. हुकूम सोडण्यापेक्षा ही युक्ती मला अधिक पटते.

आमच्या पूर्वेच्या भिंतीची ओल आता पुन्हा हातभर उंचीवर थांबते. पोपडे पडतात, पडू देतो. गेल्या वर्षी मखर त्याच भिंतीशी मांडले. चौकावरचे पत्रे मात्र अजून तसेच आहेत. गाडी कोठे ठेवावयाची, यावर धाकट्या भावाचे समाधान व्हावयाचे आहे.