भाकर आणि तिचे सोबती

गेल्या काही वर्षांत भाकरीला पुन्हा मान मिळू लागला आहे. भारताने मांडलेल्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, आणि गरिबाघरचे अन्न म्हणून मागे सारलेली ज्वारी, बाजरी, कोदो, कुटकी ही धान्ये प्रतिष्ठितांच्या पंगतीत येऊन बसली. त्याच वर्षी ऑक्टोबरात सौंसर-पांढुर्ण्याचा आपला मुलूख छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ पलीकडे गेला आणि आपण मध्यप्रदेशात राहिलो, तरी घरातली मराठी आपण सोडली नाही. ताटातली ज्वारीची भाकर मात्र पुष्कळ घरांतून हळूहळू निघून गेली.

याचा दोष केवळ सुनांच्या हौसेवर ढकलणे अन्यायाचे होईल. रेशनच्या दुकानात गहू आणि तांदूळ स्वस्त मिळू लागले. कापूस, संत्री, सोयाबीन आणि मका यांनी शेतकऱ्याच्या हाती चार पैसे अधिक दिले. उभ्या ज्वारीची पाखरांपासून राखण करायला माणूस मिळेनासा झाला. १९७० च्या सुमारास देशात ज्वारीखाली पावणेदोन कोटी हेक्टरांच्या आसपास जमीन होती. आज ती ४० लाख हेक्टरांच्या घरात आली आहे.

आता तीच ज्वारी चकचकीत पाकिटांतून, बिस्किटांच्या आणि शेवयांच्या रूपाने परत येत आहे. 'ज्वारी खा, साखर आटोक्यात ठेवा' असा सल्ला जो तो देतो. हा सल्ला कितपत खरा, हे गृहिणीने पारखून घेतले पाहिजे. कारण घरातल्या माणसांची प्रकृती अखेर तिच्याच हातच्या ताटावर अवलंबून असते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेली अन्नघटकांची कोष्टके पाहावीत. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने आणि १० ग्रॅम तंतू असतात. पांढऱ्या तांदळात तंतू ३ ग्रॅमही भरत नाहीत. तेव्हा भाताच्या तुलनेत भाकर निश्चितच उजवी. परंतु कोंड्यासह दळलेल्या गव्हाच्या पिठात प्रथिने आणि तंतू ज्वारीइतकेच, किंबहुना किंचित अधिकच आहेत. म्हणजे घरच्या कणकेची पोळी सोडून भाकर धरली एवढ्यानेच मोठी क्रांती घडेल, असे नाही.

हीच गोष्ट २०२५ साली एका मोठ्या पाहणीने अधिक स्पष्ट केली. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभरातील १ लाख २१ हजारांहून अधिक प्रौढांचा आहार तपासण्यात आला. आपल्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के केवळ पिष्टमय पदार्थांतून येतात, असे त्यात दिसून आले. भात-मैद्याऐवजी गव्हाचे किंवा भरडधान्याचे पीठ तेवढ्याच प्रमाणात खाणाऱ्यांत मधुमेहाचा धोका कमी आढळला नाही. मात्र धान्याचा थोडा वाटा कमी करून त्या जागी डाळी-कडधान्ये किंवा दूधदुभते यांतील प्रथिने घेणाऱ्यांत तो कमी दिसला. सारांश, धान्य बदलण्यापेक्षा धान्याचे ताटातले माप बदलणे अधिक महत्त्वाचे आहे.

भाकर एकटी पडली म्हणजे काय होते, याचा एक जुना दाखलाही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. दख्खनच्या पठारावर, विशेषतः तेलंगणाच्या बाजूला, ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या गरिबांत पूर्वी पेलाग्रा नावाचा रोग आढळे. उन्हात उघड्या राहणाऱ्या मानेवर आणि हातांवर काळे चट्टे, जुलाब आणि पुढे बुद्धिभ्रम अशी त्याची लक्षणे. नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावी तो होतो. ज्वारीतील ल्युसिनचे आधिक्य याला हातभार लावत असावे, असे डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली सुचविले. त्या सिद्धान्तावर पुढे वाद झाले. पण ज्यांच्या ताटात डाळ आणि दूध होते त्यांना या रोगाचे भय नव्हते, हे निर्विवाद आहे. दोष भाकरीपेक्षा तिच्या एकटेपणाचा होता.

आपल्या आजीबाईंनी भाकरीला कधी एकटे पाठविले नाही. तुरीचे वरण किंवा बेसन, अंबाडीची भाजी, पावसाळ्यात तरोट्याची कोवळी पाने, जवसाची चटणी, वाटीभर ताक असा तिचा परिवार असे. जवसात हृदयाला हितकर असे ओमेगा-३ स्निग्धाम्ल भरपूर असते, तर डाळ प्रथिने पुरविते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत २,००० उष्मांकांच्या आहारासाठी दिवसाला धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम आणि दूध ३०० मिलिलिटर असे प्रमाण दिले आहे. धान्यापेक्षा भाजीचे वजन अधिक, ही गोष्ट आपल्यापैकी किती घरांत खरी ठरेल?

फळांचे म्हणाल, तर संत्र्यांच्या बागा आपल्या दारातच आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. ज्वारीतले आणि पालेभाजीतले लोह शरीरात सहजी शोषले जात नाही. संत्र्यातील 'क' जीवनसत्त्व त्याला साहाय्य करते, आणि जेवणावरचा चहा त्याच्या आड येतो. तेव्हा जेवणासोबत संत्र्याच्या फोडी खाव्यात आणि चहा तासाभराने घ्यावा. फोडी गाळून रस केला की तंतू चोथ्यात जातात, हेही लक्षात असावे.

उरला प्रश्न अंगमेहनतीचा. जामसांवलीला पिंपळाखाली बलाची देवता मारुतिराया निजलेल्या रूपात आहे. दर मंगळवारी-शनिवारी तेथे भक्तांची रीघ लागते. देवाने विसावा घ्यावा, हे योग्यच. पण भक्तांनीही आडवेच राहावे काय? २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार भारतातील सुमारे निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करीत नाहीत. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हे प्रमाण अधिक आहे. जाते गेले, विहीर गेली, शेतावरची पायपीटही पुष्कळांची संपली. आठवड्याला किमान १५० मिनिटे चपळ चालावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास. त्याला ना पैसा लागतो, ना व्यायामशाळा. फक्त घरच्या कामातून तेवढा वेळ स्त्रीला मिळाला पाहिजे, आणि तो मिळवून देणे हे घरातल्या इतरांचे काम आहे.

देवस्थानी रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी असा बेत एखाद्या दिवशी जरूर व्हावा. सणाच्या जेवणाने कोणाची प्रकृती बिघडत नाही. ती घडते किंवा बिघडते ती रोजच्या ताटाने. त्या ताटात भाकर परत आली, हे चांगलेच झाले. आता एक भाकर कमी करून वाटीभर वरण आणि मूठभर भाजी अधिक वाढावी, आणि ते ताट घरधन्याइतकेच घरधनिणीसाठीही वाढावे. सर्वांचे झाल्यावर उरलेली भाकर आणि तळाचे वरण तिच्या वाट्याला येत राहिले, तर भरडधान्याची कितीही वर्षे साजरी झाली तरी त्या ५७ टक्क्यांत फरक पडणार नाही.