गरम इंजिनचं ऑइल प्रेशर पडतंय? पंप बदलण्याआधी हे बघा

16 जून ते 15 ऑगस्ट मध्य प्रदेशात मासेमारी बंद असते. जाळी वर टांगलेली, डोंगे काठावर उलटे. गाडीला मात्र सुट्टी नाही, कारण मत्स्यबीज आणायचं ते याच पावसात. पिशवीत थोडं पाणी, वर ऑक्सिजन, तोंडाला रबर आणि आत जिरे नाहीतर बोटुकली. पिशवीतला ऑक्सिजन मोजका. पाणी तापलं की पिलांना तो आणखी जास्त लागतो. अशा वेळी गाडी सिलेवानी घाटात तीन-चार तास अडकली, तर तलावाचं वर्षभराचं गणित तिथंच बिघडतं. म्हणून या वेळी मासळीबद्दल नाही, इंजिनबद्दल लिहितोय. तेही एकाच गोष्टीवर: ऑइल प्रेशर.

पांढुर्णा-सौंसरकडे जुन्या गाड्या अजून भरपूर चालतात. संत्रा, कापूस, मासळी सगळं त्यांच्यावरच. 407 मधलं 497 इंजिन, मोठ्या टाटातलं 697. (हे आकडे कोडं नाहीत. पहिला आकडा सिलिंडर किती ते सांगतो, पुढचे दोन बोअर किती मिलिमीटर ते.) या इंजिनांची तक्रार बहुतेक वेळा एकसारखीच असते. सकाळी थंड इंजिनला काटा चांगला वर. सौंसरहून घाट चढून गाडी वर थांबवली की आयडलिंगला काटा खाली बसतो, लाल दिवा लुकलुकतो. जरा रेस दिली की विझतो. मग कोणी म्हणतं पंप गेला, कोणी म्हणतं स्प्रिंग टाइट करू. दोन्ही बरोबर असू शकतं, पण न मोजता सांगितलं तर तो अंदाजच झाला.

पंप फक्त ऑइल ढकलतो. प्रेशर तयार होतं ते पुढं वाट अरुंद असते म्हणून. शेतातल्या पाइपाच्या तोंडावर बोट धरलं की धार जोरात जाते, बोट काढलं की पाणी नुसतं सांडतं. इंजिनमध्ये ते बोट म्हणजे क्रँक आणि बेअरिंगमधली बारीक फट. बेअरिंग झिजलं की फट वाढते, वरून ऑइल तापून पातळ होतं, आणि आयडलिंगला पंप हळू फिरतो. तिन्ही गोष्टी एकदम जुळल्या की काटा पडतो. त्यामुळे काटा किती पडला याच्याइतकंच तो कधी पडला हेही महत्त्वाचं आहे.

गॅरेजमधला जुना हिशेब असा: दर हजार आरपीएमला साधारण दहा पाउंड. एक किलो म्हणजे सुमारे चौदा पाउंड. गरम इंजिनला आयडलिंगवर एक किलोच्या आसपास आणि चालत्या गाडीत तीन-चार किलो मिळत असेल तर घाबरायचं कारण नाही. तुमच्या इंजिनच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

चालत्या गाडीत दिवा लागून राहिला किंवा काटा शून्यावर गेला, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. तिथंच. "गॅरेजपर्यंत नेऊ" म्हणून हाकलेल्या दोन-चार किलोमीटरमध्ये शेल जागेवर फिरतात आणि क्रँक खराब होतो.

मग ऑइलची काडी बघा. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटं झाल्यावर. लेव्हल कमी असेल तर गळती शोधा. लेव्हल वाढलेली असेल तर ती जास्त वाईट खबर आहे. बोटांत चोळून वास घ्या. डिझेलचा वास आला तर फीड पंप, डिझेल पंपाची सील किंवा गळणारा नोझल यांतून डिझेल चेंबरमध्ये उतरतंय. दुधाळ दिसलं तर पाणी आहे: हेड गॅस्केट, लायनरचे रबर किंवा ऑइल कूलर. अशा ऑइलवर प्रेशर मोजून उपयोग नाही, आधी कारण काढा आणि ऑइल बदला. सुटं, बिल नसलेलं ऑइल स्वस्त पडतं, पण त्यात काय मिसळलंय ते कोणालाच ठाऊक नसतं.

काडी ठीक असेल तर इंजिन उघडू देऊ नका, आधी मास्टर गेज लावून घ्या. डॅशवरचा मीटर आणि त्याचा सेंडर दोन्ही जुने, वायरीला गंज. सेंडर काढून त्या जागी हाताचा प्रेशर गेज बसवायला फारसा वेळ लागत नाही. आमच्या मते प्रत्येक सोसायटीनं असा एक गेज विकत घेऊन ठेवावा. गेजवर प्रेशर चांगलं निघालं तर सेंडर बदला, विषय संपला.

गेजवरही कमी आलं, तर ते कसं कमी आहे ते बघा. थंड असतानाही आणि रेसवरही कमी असेल तर रिलीफ व्हॉल्व्ह कचऱ्यानं उघडा राहिलाय, किंवा पंप झिजलाय, किंवा चेंबरमधली जाळी गाळानं भरलीय. घाटाच्या वळणावर काटा नाचत असेल तर पंप हवा ओढतोय: ऑइल कमी, नाहीतर सक्शन पाइपाचा जोड ढिला. फक्त गरम आयडलिंगलाच पडत असेल आणि रेसवर भरून येत असेल, तर संशय बेअरिंगवर. खालून ठोका ऐकू येत असेल तर संशय जवळपास पक्का.

स्प्रिंगखाली वॉशर घालून प्रेशर "वाढवणं" हा प्रकार मात्र आपल्याकडे फार चालतो. रिलीफ व्हॉल्व्ह जास्तीचं प्रेशर सोडतो. त्याची बैठक आणि स्प्रिंग ठीक असेल तर आयडलिंगला तो बंदच असतो. त्याला दाबून बेअरिंगची फट भरत नाही. उलट थंड इंजिनला प्रेशर गरजेपेक्षा वर जाऊन फिल्टरची रबर फुटते. जाड ऑइल टाकून काटा वर येतो हे खरं, पण झीज तशीच राहते आणि थंडीत सुरू करताना ऑइल वरपर्यंत उशिरा पोचतं.

जुना फिल्टर फेकू नका, कापून घडी उघडून बघा. चमकणारे कण दिसले तर लोहचुंबक फिरवा. चिकटले तर लोखंड. न चिकटणारे चंदेरी किंवा तांबूस कण असतील तर ते बेअरिंगचे. मग चेंबर उतरवून जाळी साफ करा, पंपाच्या गिअरची फट मोजा, आणि एक कनेक्टिंग कॅप काढून शेल बघा. क्रँक गुळगुळीत असेल तर बऱ्याच इंजिनांत हे शेल इंजिन न उतरवता खालूनच बदलतात. कॅपवरचे नंबर जुळवून, जिथली तिथंच बसवा. क्रँकवर नख अडकण्याइतक्या रेघा असतील तर ग्राइंडिंग आणि अंडरसाइज शेल. तो खर्च मोठा आहे, सोसायटीच्या बैठकीत तसा आधीच सांगा.

किनाऱ्यावरच्या आपल्या नातेवाइकांच्या ट्रॉलरवरही लेलँडची ट्रकचीच इंजिनं असतात. तिथंही हाच क्रम. फरक इतकाच की बोटीत इंजिन मागं कललेलं बसतं, म्हणून ट्रकच्या काडीवरची खूण चुकीची ठरते. पहिल्यांदा मोजून ऑइल भरा आणि काडीवर नवी खूण करून घ्या. सेंडरच्या टर्मिनलला खारी हवा लागते, तिथं ग्रीस लावा.

16 जूनच्या आधी गाडीच्या वहीत चार आकडे लिहून ठेवा: थंड आयडलिंग, थंड रेस, गरम आयडलिंग, गरम रेस. गरमचे दोन सिलेवानी घाट चढून आल्यावर घ्या. बीज आणायला निघण्याआधी पुन्हा तेच मोजा. गरम आयडलिंगचा आकडा दर वेळी थोडा थोडा उतरत असेल तर त्या फेरीला दुसरी गाडी बघा.