पिल्लू बावरलंय की आजारी आहे?

आपण कुत्र्याचं पिल्लू घरी आणतो आणि ते जेमतेम दोन घास खातं, रात्रभर कुंईकुंई करतं. आईपासून तुटलेलं ते, एक-दोन दिवस बावरणारच. गोणपाट अंथरू, पाणी जवळ ठेवू, पोरांना सारखं उचलू देणार नाही.

पण उलट्या, रक्ताची हगवण लागून पिल्लू मलूल पडलं, तर ती भीती नव्हे. पार्वो हा आजार असू शकतो. त्यात अंगातलं पाणी झपाट्याने जातं. त्याच दिवशी गुरांच्या दवाखान्यात नेऊ.

धडधाकट असलं तरी जंताचं औषध आणि लसी विचारून घेऊ. रेबीजची लस साधारण ३ महिन्यांचं झालं की देतात. पिल्लू चावलं, ओरखडलं, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुऊ आणि हळद-चुना न लावता लगेच आरोग्य केंद्र गाठू.