सरस, सोनं आणि अंडं : फ्लॉरेन्समधला एक दिवस

15व्या शतकातल्या फ्लॉरेन्समध्ये चर्चच्या वेदीसाठी लाकडी फळीवर चित्रं करणाऱ्या कार्यशाळेत घड्याळापेक्षा साहित्याचा हुकूम चाले. चित्रकार चेन्नीनो चेन्नीनीने 1400च्या सुमारास लिहून ठेवलेल्या कृतींवरून तिथला दिवस बराचसा मांडता येतो.

सकाळी 6
शिकाऊ पोरं चूल पेटवतात. शेळ्यामेंढ्यांच्या कातडीच्या कात्रणांचा सरस कोमट होतो. पॉपलरच्या फळीवर आधी सरसाचा हात, मग जुन्या लिननच्या पट्ट्या, त्यावर जिप्समचा लेप. शेवटचे मऊ थर निदान 8 तरी हवेत. सुकल्यावर ते हस्तिदंतासारखे गुळगुळीत होईपर्यंत खरवडायचे.

सकाळी 8
हवेत दमटपणा आहे तोवर सोन्याचं काम उरकायचं. अंड्याच्या पांढऱ्यात कालवलेल्या तांबड्या मातीचा थर आधीच दिलेला असतो. तो पाण्याने ओलावून वर्ख अलगद टेकवायचा. एका डुकाटच्या नाण्यातून वर्खाची 145 पानं काढण्याऐवजी 100च काढावीत, असं चेन्नीनी बजावतो. पातळ वर्ख घोटणं सोसत नाही. नेमका ओलावा उरला की गुळगुळीत दगडाने घोटायचं. घाई केली तर सोनं निघून येतं, उशीर झाला तर झळाळी येत नाही.

दुपारी 12
उजेड भरपूर आहे, म्हणून उस्ताद चेहऱ्यांना हात घालतात. रंगद्रव्यात अंड्याचा ताजा बलक मिसळलेला असतो. तरुण चेहऱ्यांसाठी शहरी कोंबडीचं अंडं, कारण त्याचा बलक फिकट. कातडीखाली आधी हिरवी माती, तिच्यावर गुलाबी छटा. बलक झटपट सुकतो, म्हणून छटा एकमेकींत मिसळता येत नाहीत. बारीक रेघ रेघेशेजारी ओढावी लागते. पुढे वरचा गुलाबी थर झिजला, म्हणूनच कित्येक जुन्या चित्रांतल्या मेरी आज हिरवट दिसतात.

दुपारी 4
अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्द या निळ्या दगडाची पूड राळ-मेणाच्या गोळ्यात मळलेली आहे. क्षाराच्या पाण्यात तो गोळा चेपला की निळा रंग सुटतो. पहिल्या धुण्यातला सर्वांत उंची. चित्रकार गिर्लांदायोच्या 1485च्या वेदीचित्राच्या करारात औंसाला सुमारे 4 फ्लोरिन किमतीचाच निळा वापरायची अट होती.

सूर्यास्त
उरलेला अंड्याचा रंग टाकून देतात, कुंचले धुतात. पाण्यात भिजवलेलं जिप्सम एक पोरगा ढवळतो. महिनाभर रोज ढवळलं तरच ते मऊ राहतं. उस्तादाच्या हातचा चेहरा पाचशे वर्षं तगतो, त्यात या पोराच्या ढवळण्याचाही वाटा आहे.